जबड्यातला शहाणा

मी गुटखा खात नाही, हे लोकांना पटवण्यात माझा तो सगळा उन्हाळा गेला.

आधी दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. मग कान-नाक-घशाच्या. एक्स-रे काढणाऱ्या पोरीनंसुद्धा चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, "काकू, मावा?" आमच्या सांगली-मिरजेकडं एखाद्याचं तोंड उघडेनासं झालं की दुसरं कारण कुणी शोधतच नाही. अहो, मी सूत्रसंचालन करते. जन्म गेला माइकसमोर उभं राहण्यात. तोंडावर माझं पोट आहे, ते मी माव्यानं भरून कशाला ठेवीन? पण हे ठणकावून सांगायला तोंड उघडावं, तर तेच उघडत नव्हतं.

शेवटी मिरजेच्या डॉक्टर इरावती शिरगुप्पेंकडं गेले. वयानं माझ्या निम्म्या वाटतात, पण लोकांनी चेहऱ्यात भरून घेतलेलं आणि मग बिघडलेलं निस्तरायचं, एवढंच काम त्या दिवसभर करतात. त्यांनी गुटख्याचं नावही काढलं नाही. मला माझीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगितली. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात म्हणे. माझी दोन गेली. तिसरं ओठाशी अडलं.

"शहाणा फिलर कधी घेतलात?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील."

"आणि त्याच्याआधी?"

"आधी साधा. दरवर्षी."

त्यांनी मान हलवली. माझ्यासारख्या त्यांच्याकडं रोज येत असणार.

आता हे साधा आणि शहाणा काय प्रकरण आहे ते सांगते, कारण त्याच्यातच सगळं आहे. पन्नाशी जवळ आली की गालाचं मांस खाली उतरतं आणि जबड्याची कड मऊ पडते. आपल्या आयांचं उतरलं, आज्यांचं उतरलं, कुणी वळून बघितलं नाही. पण हल्ली बारक्यासारक्या कार्यक्रमांचं निवेदन यंत्रच करतं. जिवंत बाई लागते ती मोठ्या कार्यक्रमांना, मिरवायला. आणि मोठा कार्यक्रम म्हटला की तिच्या मागं घराएवढा पडदा, त्या पडद्यावर तिचा चेहरा. कोरे म्हणून आमचे आयोजक आहेत, माझी बहुतेक कामं त्यांच्याकडूनच येतात. ते एकदा अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण पडद्यावर हनुवटीखाली अजून एक हनुवटी दिसतीय." राग मानला. आणि पुढच्याच आठवड्यात फिलर घेतला.

तो साधा. आपल्या कातडीत आणि सांध्यांत पाणी धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ असतो. तोच कारखान्यात घट्टसर बनवतात आणि सुईनं जबड्याच्या कडेला भरतात. वर्षा-दीड वर्षात शरीर तो जिरवून टाकतं. नाही आवडला तर त्याला विरघळवणारं विकर मिळतं. ते टोचलं की एक-दोन दिवसांत आपला मूळचा जबडा परत. ह्यात भीती काहीच नव्हती, होता तो नुसता वैताग. दरवर्षी सुया, दरवर्षी सूज, आणि सूज उतरेपर्यंत कार्यक्रम नाही.

मग शहाणा फिलर आला. ह्यात तुमच्याच कातडीतल्या पेशी काढून घेतात, प्रयोगशाळेत वाढवतात आणि एका मऊ जाळीत बसवून जबड्यात सोडतात. पेन धरणाऱ्या बोटाला घट्टा पडतो ना, किंवा तालमीतल्या पोराचं हाड जाड होतं? शरीर जिथं ताण पडेल तिथं माल टाकतं. ह्या पेशींना तेच काम जरा जास्त हौसेनं करायला शिकवलेलं असतं. तुम्ही खाता, बोलता, हसता, तो ताण त्या ओळखतात आणि त्याच रेषेत धागे विणतात. म्हणून ह्या फिलरनं आलेला जबडा खरा वाटतो, जन्मभर टिकतो, सुया लागत नाहीत. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं. लोक शहाणा म्हणतात.

मला तो ताईनं घ्यायला लावला. "दरवर्षी काय ते टोचून घेतेस! एकदाच काय ते कर आणि मोकळी हो," असं म्हणून तिनंच माहिती काढली, तिनंच दवाखाना ठरवला, तारीखसुद्धा तिनंच घेतली. मी रिक्षात बसून गेले आणि जबडा पुढं केला.

"तुम्ही दात आवळता," डॉक्टर म्हणाल्या.

"मी? झोपेत का?"

"झोपेत आवळणाऱ्यांचे दात झिजतात. तुमचे शाबूत आहेत. तुम्ही जागेपणी आवळता, नुसते घट्ट मिटून धरता. तुम्हाला कळतही नसणार. पण त्या पेशींना कळतं. त्यांना वाटतं इथं मोठं काम चाललंय, विणा अजून. खालून त्यांनी जबडा बांधत आणलाय."

"मग काढा ते. मला परत साधाच भरा."

"काढता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. त्याला विरघळवणारं काही नाही. तो उपाशी मारावा लागतो. ताण हे त्याचं खाणं. सलग सहा आठवडे जबडा सैल राहिला की तेवढ्यात पेशी थंडावतात आणि विणलेलं शरीर जिरवून टाकतं. मग खुशाल साधा भरू."

"स्नायू सुन्न करायचं इंजेक्शन असतं ना? ते द्या."

"दिलं तर ह्या पेशी ताण शोधत गळ्याकडं सरकतात. तसे दोन पेशंट झालेत माझ्याकडं."

 मग विचारायचं तेच विचारलं. "आणि नाही राहिला सैल तर?"

"एका बोटाच्या खाली गेलं तर दोन्ही बाजूंनी कापावं लागेल. त्यानंतर शब्द पहिल्यासारखे स्वच्छ येतील असं मी लिहून देणार नाही."

बोलताना त्या माझ्याकडं बघत होत्या, म्हणून मी हसले. लोकांकडं बघून हसायची सवय आहे मला.

निघताना त्यांनी एक पाकीट दिलं. आत कपाळाला लावायच्या टिकलीएवढ्या गोल चकत्या होत्या, चिकटणाऱ्या. एक जबड्याच्या कोपऱ्यावर लावायची. दात जरा जास्त वेळ आवळले गेले की ती गुर्र करते, मग आपण तोंड सैल सोडायचं. "ती केव्हा गुरगुरते ते बघा," डॉक्टर म्हणाल्या, "आणि त्या जागेपासून लांब राहा."

मला वाटलं, हे तर सोपं आहे. मला जागा माहीतच होती.

दोन दिवसांनी बेदाणा व्यापारी संघाचा वर्धापनदिन होता. टिकलीवर केसांची बट ओढून घेतली आणि गेले. कोऱ्यांनी कार्यक्रम सुरू व्हायच्या तोंडावर सत्कारमूर्तींची नवी यादी हातात दिली. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. अध्यक्षांनी भाषणात, बायकांना माइक दिला की तो परत मिळत नाही, हा विनोद केला. तो विनोद मी किती वर्षं ऐकतेय ते देवाला माहीत. मी मनात म्हटलं, आता गुरगुरेल. आता नक्की.

हूं की चूं नाही.

नंतर विचार केला तेव्हा उलगडलं. मंचावर मी काही मनात ठेवतच नाही. "पाहुण्यांना आपल्या सर्वांची इतकी ओढ होती, की ती आवरायला त्यांना दोन तास लागले," असं गोड तोंडानं म्हणाले होते, आणि हजार माणसं खो खो हसली होती. अध्यक्षांनाही एक टोला दिला होता, तो तर त्यांना कळलाही नाही. मी राग साखरेत घोळवून तिथल्या तिथं परत करते. पैसेही त्याचेच मिळतात.

रिक्षानं घरापाशी सोडलं. हल्ली रिक्षाला चालक नसतो, त्यामुळं सुट्ट्यावरून भांडायचीही सोय राहिलेली नाही. जिना चढले. ताईनं दार उघडलं आणि म्हणाली, "दे ती पिशवी इकडं. तुला जड होईल."

गुर्र.

मी दचकले. ताई म्हणाली, "फोन वाजतोय तुझा."

"हो," मी म्हटलं, "कोऱ्यांचा असेल."

ताईबद्दल सांगायला हवं. पद्मजा मगदूम. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. शाळेत खेळाच्या बाई होती, रिटायर झाली तरी तिची शिट्टी अजून दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली आहे. वडील मला आठवत नाहीत. आई गेली तेव्हा मी फ्रॉकात होते. तिथून पुढं मला न्हाऊ-माखू घातलं, शिकवलं, पुण्यात लग्न करून दिलं ते ताईनं. लग्न मोडलं तेव्हा ती टेम्पो घेऊन आली. मला विचारलं नाही, सासरच्यांशी भांडली नाही. कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरल्या, मला टेम्पोत पुढं बसवलं आणि सांगलीला आणलं. तिनं स्वतः लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मीच असणार अशी मला भीती होती.

आणि ह्या बाईनं पिशवी हातातून घेतली तर माझे दात आवळले जातात?

मला माझीच शिसारी आली. म्हटलं, टिकली बिघडली असेल. दुसरी लावली.

दुसरी तर आणखीच कडक निघाली. ताईनं मऊ खिचडी पुढं ठेवली आणि म्हणाली, "सावकाश, लहान घास घे." गुर्र. सफरचंदाच्या पापडाएवढ्या पातळ फोडी केल्या. गुर्र. बाजारातून मक्याची कणसं आणली होती. मला कणीस जीव की प्राण. हात पुढं केला तर म्हणाली, "तुला नाही जमायचं ते, थांब," आणि सुरीनं दाणे सोडवून वाटीत घालून दिले. चमच्यासकट. मी त्या वाटीकडं बघत होते आणि जबड्यावर भुंगा बसल्यासारखं गुर्र, गुर्र, गुर्र.

"कोरे आज फार फोन करतायत," ताई म्हणाली.

काय बोलणार? ती चूक काहीच करत नव्हती. माझं तोंड उघडत नव्हतं, म्हणून ती दाणे सोडवत होती. पण तोंड उघडत होतं तेव्हाही ती सोडवतच होती, हे मला त्या वाटीकडं बघताना पहिल्यांदा आठवलं. साडी मी काढली की "ही नको, ती निळी." कार्यक्रमाला निघाले की "पाणी घेतलंस? रुमाल?" कोऱ्यांशी कामाचं बोलायचं तर "दे फोन इकडं, तुला नाही बोलता येत." हजार माणसांसमोर बोलणाऱ्या बाईला! आणि मी आपली दरवेळी देत होते. पिशवी, फोन, जबडा, सगळं देत होते. मूग गिळून गप्प बसायचं म्हणतात ना, त्याला एवढी ताकद लागत असेल असं वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी मिरजेला गेले. बोटं घातली. दीड. दुसरं बोट नखापाशीच अडकलं.

डॉक्टरांनी बरंच काही बघितलं, मग सरळ विचारलं, "कोण आहे?"

"कुणी नाही."

"मॅडम, कुणीतरी आहे. नवरा, सासू, साहेब, कुणीतरी असतंच."

"बहीण," मी म्हटलं. "आणि तुम्ही समजताय तसं नाही. ती देवमाणूस आहे."

"मग तिला सांगा."

"काय सांगू? की ताई, तू माझ्यावर माया फार करतेस, जरा कमी कर? तिनं माझ्यापायी आख्खा जन्म घातलाय हो!"

डॉक्टरांनी हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाल्या, "सांगायचं नसेल तर सहा आठवडे कुठंतरी निघून जा. पण दोन्हीपैकी एक आता करा. पुढच्या खेपेला मला तुमची ऑपरेशनची तारीख काढायला लावू नका."

परत येताना मी फार दमलेली होते. चेहरा सांभाळून दमले होते, घरात गोड राहून दमले होते, आणि आता कुठं निघून जायचं ह्याचा विचार करायचंही त्राण नव्हतं. कुणाकडं जाणार? मला ओळखणारे हजारो आहेत, पण ताई सोडून कुणाच्या घरी मी चप्पल काढून आत गेलेली नाही.

दार उघडंच होतं. ताई टेबलापाशी उभी होती आणि टेबलावर माझी कार्यक्रमाची पर्स उपडी केलेली. लिपस्टिक, कंगवा, ओळखपत्रं, टिकल्यांचं पाकीट. तिच्या हातात माझी पत्र्याची छोटी डबी.

"हे काय आहे?"

"बडीशेप."

तिनं डबी नाकाशी नेली. "वास वेगळा येतोय."

"ओवा घातलाय त्यात. ताई, तू माझी पर्स—"

"कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला विचारून आले मी. म्हणाला, मॅडम येत नाहीत आमच्याकडं. पण तो कशाला खरं सांगेल? हे बघ हेमे, मी तुला रागावणार नाही. किती दिवस खातेस तेवढं सांग. सोडवू आपण. माझी शपथ आहे तुला."

टिकली गुरगुरत होती. ती इतकी गुरगुरत होती की दात हलतायत असं वाटलं. आणि मग, कसं कोण जाणे, दीड बोटाच्या त्या फटीतून सगळं बाहेर पडलं.

"पानपट्टीवाल्याला विचारलंस! मी एक्कावन्न वर्षांची बाई आहे, आणि तू माझी चौकशी पानपट्टीवर करून आलीस? मी गुटखा खात नाही! मी काहीच खात नाही, तू जे देतेस ते गिळते! सफरचंद मला चावता येतं. साडी मला निवडता येते. कोऱ्यांशी मला बोलता येतं, त्यांच्या बापाशी पण बोलता येतं! हा जबडासुद्धा तू ठरवलास, ताई! तू 'दे इकडं' म्हणालीस की माझे दात आवळले जातात. रोज. किती वर्षं ते मला माहीत नाही. त्यानं झालंय हे! तुझ्या मायेनं झालंय!"

बोलून थांबले तेव्हा घर एकदम शांत होतं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, टिकली गप्प होती.

ताई खुर्चीवर बसली. तिचा चेहरा बघवेना. एवढी दांडगी बाई, मैदानभर आवाज जायचा तिचा. ती डबी हातात फिरवत होती.

"तो फोन नव्हता म्हणजे," ती म्हणाली.

"नाही."

"मी बोलले की वाजायचं ते?"

मी मान हलवली. तिला सगळं सांगितलं. शहाणा फिलर, सहा आठवडे, एक बोट, ऑपरेशन. ती मध्ये एकदाही बोलली नाही, आणि ताईच्या बाबतीत ही गोष्ट साधी नाही. मग तिनं टेबलावरचं पाकीट उचललं.

"मला लाव."

"तुला कशाला? तुझ्या मनातलं तर सगळ्या गल्लीला ऐकू येतं."

"लाव म्हणते ना."

लावली. तिच्या जबड्यावर, पांढऱ्या केसांच्या जरा खाली. इतक्या जवळून मी तिचा चेहरा किती दिवसांत बघितला नव्हता! वाळला होता. मला भरून आलं. बोलले ते सगळं परत गिळून टाकावं असं वाटलं.

"ताई, चुकलंच माझं. असं बोलायला नको होतं. तू होतीस म्हणून मी उभी आहे. तुझ्याशिवाय माझं काय झालं असतं?"

गुर्र.

मी माझ्या जबड्याला हात लावला. माझी नव्हती.

ताई समोरच्या भिंतीकडं बघत होती. "परत म्हण," ती म्हणाली.

"तुझे उपकार मी सात जन्मांत—"

गुर्र. ह्यावेळी तर तिच्या कानाखालचा स्नायू उठलेला मला स्पष्ट दिसला.

"बंद कर ते उपकार!" ताई एकदम म्हणाली. "बास झालं. टेम्पो घेऊन आले ना तुला न्यायला, त्याच आठवड्यात मला सावंतवाडीहून बोलावणं होतं. तिथं मुलींचं खोखोचं निवासी केंद्र आहे, तिथं प्रशिक्षक म्हणून. म्हटलं, महिनाभरात हेमी सावरेल, मग जाईन. तू सावरलीस पण. कार्यक्रम करायला लागलीस, पेपरात फोटो यायला लागले. पण रोज आपलं एकच. ताई, तुझ्याशिवाय माझं काय झालं असतं, ताई, तुझ्याशिवाय मी काय केलं असतं. मग कशी जाणार मी? तू असं म्हणालीस की मला वाटायचं, बसा आता. जन्मभर बसा."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी बोललीस?"



"अजून बोलावतात?" मी विचारलं.

"दरवर्षी. मी कळवते, घरी अडचण आहे."

"अडचण म्हणजे मी?"

"मग कोण? आपल्या घरात तिसरं आहे कोण?"

आधी मला हसू आलं, मग तिला. हसताना माझा जबडा इतका दुखला की डोळ्यांत पाणी आलं. त्याचं कारण नुसता जबडाच होता असं मी म्हणणार नाही. दोघींच्या टिकल्या गप्प होत्या. मग ताईनं सवयीनं माझ्यापुढं पाण्याचा पेला सरकवला, मध्येच थांबली, आणि तो परत ओढून स्वतःच पिऊन टाकला.

चौथ्या दिवशी ती सावंतवाडीला गेली. खिळ्यावरची शिट्टी गळ्यात घातली होती. बस सुटताना तिनं खिडकीतून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं. बाजूच्या बाई तिच्याकडं बघायला लागल्या, म्हणजे टिकली वाजली असणार.

पुढचे दिवस फार काही झकास गेले असं नाही. डाळ करपली. दुधाचं पातेलं दोनदा ओतू गेलं. निळी साडी नको म्हणून पिवळी नेसले आणि ती पडद्यावर खरंच वाईट दिसली. ताई बरोबर होती. संध्याकाळी घरात आले की पिशवी घ्यायला कुणी नसायचं आणि मी ती दारातच ठेवून, तिथंच चपलांशेजारी बसून राहायचे. एकटं वाटायचं. मोकळंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टिकली मात्र आधी दिवसातून कधीतरी, मग आठवड्यातून कधीतरी, आणि पुढं पुढं गुरगुरायचीच बंद झाली.

कोऱ्यांचा फोन आला. "मॅडम, पडद्यावर जबडा जरा उतरल्यासारखा दिसतोय. परत कधी भरताय?"

"कोरेसाहेब," मी म्हटलं, "जबडा उतरलाय, जीभ नाही उतरली. कार्यक्रमाची तारीख सांगा." हा फोन मी स्वतः घेतला होता.

सहा आठवडे झाल्यावर मिरजेला गेले. एक बोट गेलं. दुसरं गेलं. तिसरं जरा रेटावं लागलं, पण गेलं. डॉक्टर इरावतींनी एखाद्या पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या.

"शहाणा हरला," त्या म्हणाल्या. "अजून थोडे दिवस टिकली राहू द्या. आणि आता ठरल्याप्रमाणं साधा भरायचा ना? आज केलं तरी चालेल."

त्यांनी आरसा समोर धरला. जबड्याची कड गेली होती. गाल दोन्ही बाजूंनी खाली आला होता आणि हनुवटीखाली ती कोऱ्यांची दुसरी हनुवटी होती. बघून आनंद झाला असं नाही. पण बऱ्याच दिवसांनी माझा मूळचा चेहरा बघितला, एवढं खरं.

"आज नको," मी म्हटलं. "दमलेय हो मी. बघू पुढं कधी वाटलं तर. माझं मी ठरवून सांगते."

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिचं शिबिर वाढवलंय, मुली सोडत नाहीत म्हणे. मागं पोरींचा गलका ऐकू येत होता.

"मी काही विचारणार नाहीये," ताई म्हणाली.

"बरं."

पलीकडून गुर्र ऐकू आलं.

"ताई, टिकली अजून लावतेस?"

"पोरींना गंमत वाटते म्हणून." गुर्र.

"विचार की गं."

"जेवलीस का?"

"भात करपला. कणीस भाजून खातेय."

"कणीस? अगं, दाणे सोडवून—" ती थांबली. तिच्या शेजारीच एक मुलगी ओरडली, ताईंची वाजली, ताईंची वाजली.

"नाही सोडवले," मी म्हटलं. "तसंच खातेय. दातानं."

 मी वाट बघत होते. जबड्याला हात लावला, तो सैल होता.

"मीठ-लिंबू लावलंस का त्याला?" तिनं विचारलं.

"लावलं," मी म्हटलं, आणि तिला ऐकू जाईल असा मोठा घास तोडला.